ताई, पुस्तक लपवून ठेव

या वेळचं पत्र बरंच लांब आहे आणि लिहिणारीनं नाव न छापण्याची विनंती केली आहे. तिच्याच शब्दांत, थोडक्यात देते:

"माझी आई आठ महिन्यांपूर्वी गेली. ९३ वर्षांची होती. मी ६४ वर्षांची, चार भावंडांतली दुसरी. बाबा गेले तेव्हा आई ५१ ची होती. पुढची ४२ वर्षं तिनं एकटीनं घर धरून ठेवलं. शिवणकाम करून धाकट्या दोघांची शिक्षणं केली, सातही नातवंडं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. शेवटची चार वर्षं मात्र स्मृतिभ्रंशात गेली. मला ती ओळखायची नाही. 'ताई' म्हणायची, म्हणजे मला माझी मावशी समजायची. मावशी जाऊन २० वर्षं झाली. 'ताई, पुस्तक लपवून ठेव' हे एकच वाक्य कितीतरी वेळा म्हणायची. आम्हाला त्याचा अर्थ कधीच लागला नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही सगळे एकत्र जमणार आहोत आणि आईबद्दल मी चार शब्द लिहून वाचावेत असं ठरलंय. तीन आठवडे रोज बसते, पण 'कष्टाळू, प्रेमळ, त्यागमूर्ती' याच्या पुढे गाडी जात नाही. डोळ्यांसमोर शेवटची आईच येते. आणि खरं सांगायचं तर 'प्रेमळ' लिहिताना हात थांबतो. माझ्याशी ती कडक होती. 'छान केलंस' असं तिनं मला एकदाही म्हटलं नाही. माझी मुलगी मात्र म्हणते, आजीनं माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. माझ्या मुलीला जी आजी मिळाली, ती आई म्हणून मला मिळाली नाही. हे मनात असताना चांगलं लिहिणं खोटेपणा वाटतो आणि न लिहिणं कृतघ्नपणा. लोक म्हणतात, भरलं आयुष्य जगल्या, वाईट वाटून घेऊ नका. मग मी रडते ती कशासाठी?"

पत्रांना उत्तर देताना मी सवयीनं 'प्रिय ताई' असं लिहिते. आज ते लिहिताना थबकले. त्या हाकेशी तुमचं एक वेगळंच नातं जडलं आहे आणि तिच्याबद्दल मला पुढे बरंच बोलायचं आहे. तेव्हा आज मायन्याशिवायच सुरुवात करते.

आधी रडण्याचं. 'भरलं आयुष्य जगल्या' असं म्हणणाऱ्यांच्या मनात वावगं काही नसतं, पण त्यांचा हिशेब चुकतो. तुम्ही जन्मल्यापासून आठ महिन्यांपूर्वीपर्यंत या जगात आई नाही असा एकही दिवस तुम्ही पाहिलेला नव्हता. त्रेसष्ट वर्षं ज्या भिंतीला पाठ टेकून बसलात ती भिंत गेली. भिंत जुनी होती म्हणून पाठीला कमी लागतं असं नाही. शिवाय तुमचं रडणं आठ महिन्यांचं नाहीच, ते चार वर्षांचं आहे. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा तुमच्याकडे परक्यासारखं पाहिलं त्या दिवशी तुम्ही तिला गमावायला सुरुवात केली. पण तेव्हा तिचं औषधपाणी करायचं होतं आणि माणूस समोर जिवंत असताना रडायचं कसं, हेही होतं. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक १९७० च्या दशकापासून अशा दुःखावर लिहीत आल्या आहेत. माणूस समोर आहे आणि तरीही नाही, या अवस्थेत दुःखाला वाटच मिळत नाही, ते साठून राहतं. आता ते वाहतंय. वाहू द्या.

आता लिहिण्याकडे वळू. त्या तीन विशेषणांपाशी तुमची गाडी अडली, हे मला चांगलं लक्षण वाटतं. कष्टाळू, प्रेमळ, त्यागमूर्ती हे शब्द जगातल्या कुठल्याही आईच्या नावापुढे लावता येतात आणि म्हणूनच त्यांत तुमची आई सापडत नाही. तुमच्या हाताला ते कळलंय.

माझी आई गेली तेव्हा मीही अशीच कागद घेऊन बसले होते. तिच्या आवाजाची एकही नोंद माझ्याकडे नाही, ही खंत मला आजही आहे. पण तिच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. महिन्याच्या सुरुवातीला ती करायच्या खर्चांची यादी लिहायची. एका महिन्याच्या यादीत 'चष्मा' लिहून त्यावर रेघ मारलेली दिसली. पुढच्या महिन्यात पुन्हा 'चष्मा', पुन्हा रेघ. तिसऱ्या महिन्यात तेच. चौथ्या महिन्याच्या यादीत तो शब्दच नव्हता. त्याच पानांवर माझ्या परीक्षेची फी होती, भावाच्या बुटांचे पैसे होते. ते तीन-चार महिने आईला नीट दिसत नव्हतं आणि आम्हा कुणाला ते कळलं नव्हतं. मी 'त्यागमूर्ती' खोडलं आणि चष्म्याचं लिहिलं. वाचताना माझा भाऊ मध्येच उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

तुमच्या पत्रात 'शिवणकाम करून शिक्षणं केली' असं एक वाक्य आहे. त्या एका वाक्यात बेचाळीस वर्षांतली किती वर्षं कोंबली आहेत! ती शिवायला कधी बसायची, सगळे झोपल्यावर की उठायच्या आधी? यंत्राचा आवाज कोणत्या खोलीत ऐकू यायचा, आणि तो थांबला की तुम्हाला काय वाटायचं? ५१ व्या वर्षी तिनं हे काम हाती घेतलं तेव्हा तिला शिवता येत होतं की तेव्हा शिकली? पहिलं गिऱ्हाईक कोण होतं? उधारी मागायला ती स्वतः जायची की तुमच्यापैकी कुणाला धाडायची? सुईत दोरा ओवायला कोणत्या वयापासून दुसऱ्याला हाक मारावी लागली? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं जरी तुम्हाला आठवली, तरी 'कष्टाळू' या शब्दाची गरज उरणार नाही.

डोळ्यांसमोर शेवटची आईच येते, ही तुमची खरी अडचण. हा तुमच्या प्रेमाचा दोष नाही, आठवणीचा स्वभावच तसा आहे. १९९३ साली डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. आणखी एकदा तेच ६० सेकंद आणि वर ३० सेकंद जास्तीचे, मात्र त्या जास्तीच्या वेळात पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशानं वाढवलं. मग विचारलं, यातलं कोणतं पुन्हा कराल? बहुतेकांनी जास्त वेळचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. एखादा अनुभव किती वेळ चालला हे आठवण जवळजवळ मोजतच नाही. सगळ्यांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच ती धरून ठेवते.

काही मिनिटांच्या गार पाण्यावरून ९३ वर्षांच्या आयुष्याबद्दल बोलणं म्हणजे लांबची उडी आहे, हे मला कळतं. पण तुमच्या मनात नेमकं हेच झालेलं दिसतं. ९३ वर्षं म्हणजे जवळजवळ ३४,००० दिवस. त्यातले आजारपणाचे साधारण दीड हजार, म्हणजे शंभरातले चार-साडेचार. तेवढे दिवस बाकीच्या सगळ्यांवर अंथरल्यासारखे पसरले आहेत. तुम्हाला आईचं कौतुक लिहायचं आहे असं समजू नका. तिच्या आयुष्याची लांबी तिला परत मिळवून द्यायची आहे, असं समजून बसा.

ती लांबी जिथून सुरू होते तिथे तुम्ही नव्हता. मोठ्या माणसांना स्वतःच्या बालपणातलं अगदी पहिलं जे आठवतं ते बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाचं असतं. तुमच्या जन्माच्या वेळी आई २९ वर्षांची होती. म्हणजे तुमच्या आठवणींत ती प्रवेश करते तीच मुळी बत्तीस-तेहेतीस वर्षांची होऊन, कडेवर एक मूल आणि मागे एक घेऊन. तिच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तुम्ही पाहिलेलाच नाही. आणि त्या माणसाच्या स्वतःच्या लेखी तोच हिस्सा सगळ्यांत गजबजलेला असतो. वयस्क माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण १० ते ३० या वयातल्या प्रसंगांची गर्दी होते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मुलं आईची गोष्ट स्वतःच्या जन्मापासून सुरू करतात. त्यात त्यांची चूक नसते, पण त्या गोष्टीत आई पहिल्या पानापासून आईच असते. ती कुणाची तरी धाकटी बहीण होती, वर्गात कुणाशेजारी बसायची, कशाला घाबरायची, तिला काय व्हायचं होतं, हे सगळं त्या पहिल्या पानाच्या अलीकडे राहून जातं.

आता 'ताई, पुस्तक लपवून ठेव' याकडे येते. पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिलं ते हेच वाक्य.

थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्ये नोंदवलं होतं, की स्मृती ढासळते तेव्हा ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त काळ तग धरतात. अल्झायमरसारख्या आजारांत आज डॉक्टरांना ढोबळ मानानं तेच दिसतं. तुमचं लग्न, तुमची मुलं, तुमचा आजचा चेहरा हे आईच्या मनातून आधी पुसलं गेलं. मागे उरलं ते बहिणीबरोबरचं घर. म्हणजे ज्या चार वर्षांना तुम्ही पुसून टाकू पाहताय, त्याच चार वर्षांत आईनं तुम्हाला त्या न पाहिलेल्या बत्तीस वर्षांत नेऊन बसवलं होतं. 'मला ती ओळखायची नाही' असं तुम्ही लिहिता. ते खरं आहे आणि ते किती लागलं असेल याची मला कल्पना आहे. पण तिनं तुम्हाला परकीही समजलं नाही. एखादी गोष्ट लपवायची वेळ आली तर जिच्याकडे द्यायची, तिच्या जागी तिनं तुम्हाला पाहिलं. मला तरी ते तसं दिसतं.

यात सावध राहायला हवं. स्मृतिभ्रंशात आठवणी एकमेकींत मिसळतात. कधीच न घडलेलं घडल्यासारखं बोललं जातं. त्यामुळे त्या वाक्यावरून कथा रचू नका. 'आईला शिकू दिलं नाही' असं परस्पर ठरवून तर मुळीच लिहू नका. ते पुस्तक शाळेचं होतं, गोष्टींचं होतं, हिशेबाचं होतं की नव्हतंच, हे आज तुम्हाला माहीत नाही. ते वाक्य म्हणजे एक प्रश्न आहे, आणि विचारायला माणसं अजून आहेत. मावशी नाही, पण पत्रात तुम्ही शेवटी ओझरता उल्लेख केलेली मावसबहीण आहे, वयानं तुमच्याहून मोठी. बोलणं फारसं नाही, असंही लिहिलंत. आईच्या वयाचं कुणी शेजारचं, माहेरच्या नात्यातलं हयात असेल तर त्यांनाही विचारा. म्हातारी माणसं जुनं सांगायला लागली की आपण चुळबुळ करतो. एके काळी डॉक्टरही त्याला मन थकल्याचं लक्षण मानत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं ठामपणे मांडलं, की उतारवयात मागे वळून आयुष्य चाचपणं ही मनाची नैसर्गिक गरज आहे. तेव्हा विचारण्यात संकोच करू नका. विचारलेलं त्यांना बहुधा आवडेल. फक्त 'आई कशी होती?' असं विचारू नका, उत्तर 'फार चांगली होती' असंच येईल. आई आणि मावशी एका खोलीत झोपायच्या का, त्यांचं भांडण कशावरून व्हायचं, घरात वाचायला काय असायचं, असं विचारा.

आता त्या 'प्रेमळ' शब्दाकडे, जिथे तुमचा हात थांबला. तो थांबला ते बरं झालं.

तुम्हाला वाढवताना तुमची आई तिशीत-चाळिशीत होती, चार मुलं पदरात होती आणि एक चूक झाली तर ती निस्तरायची वेळ तिच्यावरच येणार होती. तुमच्या मुलीला भेटलेली आजी तीच बाई, पण तिच्यावर आता मुलीला घडवण्याची जबाबदारी नव्हती, ती तुमच्यावर आली होती. म्हणून हात मोकळे होते आणि आवाज खाली आला होता. हे स्पष्टीकरण मला खरं वाटतं. पण ते खरं असल्यामुळे तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. सगळे जमाल त्या दिवशी कुणीतरी तुम्हाला जवळ घेऊन सांगेल, 'अगं, तुझ्या पाठीमागे ती तुझं किती कौतुक करायची.' तेही खरं असेल. पण पाठीमागचं कौतुक तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही आणि ६४ व्या वर्षीही त्याची जागा रिकामी आहे, हे म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. आईवर राग असणं आणि आईसाठी रडणं एकाच छातीत मावतं. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी, गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जायला हवं ही जुनी समजूत खोडून काढली. नातं चालू राहतं, त्याचं रूप बदलत राहतं. चालू असलेल्या नात्यात तक्रारीलाही जागा असते.

म्हणून दोन ठिकाणी लिहा. एक वही फक्त तुमची. तिच्यात आईला थेट 'तू' म्हणून सगळं लिहा, कोणत्या दिवशी काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं ते सगळं. ती वही कुणालाही वाचून दाखवायची नाही. दुसरं, सगळ्यांसमोर वाचायचं ते. त्यातही 'प्रेमळ' लिहू नका. तुमच्या पत्रातलं तुमचंच वाक्य आहे ते वाचा: माझ्या मुलीला जी आजी मिळाली, ती आई म्हणून मला मिळाली नाही. मुलीला आधी दाखवा, तिला आवडतं का पाहा, आणि मग त्यापुढे आई तुमच्याशी कशी वागायची आणि नातीशी कशी, याचा एकेक प्रसंग द्या. एकाच बाईचे दोन प्रसंग, शेजारी शेजारी. कोण बरोबर, कोण चूक हे सांगायला जाऊ नका.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती जीवशास्त्राची आहे. मुलगी आईच्या पोटात साधारण २० आठवड्यांची असते तेव्हाच तिच्या बीजकोशांत तिच्या आयुष्यभराची बीजांडं अपक्व रूपात तयार झालेली असतात, साठ ते सत्तर लाख. तुमची मुलगी ज्यातून जन्मली तेही त्यांतच होतं. म्हणजे आई तुम्हाला पोटात वागवत होती त्या दिवसांत तुमच्या मुलीचा अंशही तिच्याच देहात होता. दोघींना दोन वेगळ्या बायका मिळाल्या असं तुम्हाला वाटतं ना, तेव्हा हे आठवून बघा.

आणि 'सातही नातवंडं अंगाखांद्यावर वाढली' हेही एका ओळीत उरकू नका. क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजात पाहिलं, की तिथल्या वयस्क बायका कंद खणण्यात खूप मेहनत घेतात. आईला नवं बाळ झालं की आधीच्या मुलाचं अंग भरणं आजी किती खणते यावर अवलंबून राहतं. मूल होण्याचं वय सरल्यावरही बाई एवढी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यांनी १९९० च्या दशकात त्यावरून मांडलं. त्यावर वाद आहेत, पण त्यातला प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण तो प्रेमाकडे काम म्हणून बघतो. तुमची आई सात मुलांना सांभाळत होती तेव्हा तुम्ही चौघं काय करू शकलात? कुणाची नोकरी टिकली, कुणाला परीक्षा देता आली, कुणाला आजारपणात पडून राहता आलं? तिच्या त्या वर्षांचं माप तुमच्या आयुष्यांत सापडेल. तेही तिच्या नावावर लिहा.

भावंडांशी बोलाल तेव्हा मतभेद होतील. मोठ्याला पंचविशीतली आई मिळाली, धाकट्याला दमलेली, पुढे एकटी पडलेली. शिवाय आठवण म्हणजे कपाटातून जसंच्या तसं काढलेलं वस्त्र नव्हे. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच दाखवलं होतं, की आठवताना आपण प्रत्येक वेळी ती गोष्ट नव्यानं जुळवतो. म्हणून बाबा गेले त्या रात्री आई रडली की नाही यावर तुमचं एकमत झालं नाही तर निवाडा करू नका. 'दादा म्हणतो रडली, मला ती कोरड्या डोळ्यांनी पाणी भरताना आठवते' असं दोन्ही लिहा. अशा वाक्यात आई जास्त खरी दिसते.

नातवंडांकडून मात्र लिहून घेऊ नका, बोलतं करा आणि फोनवर आवाज टिपून ठेवा. घरात आईच्या आवाजाची जुनी कॅसेट किंवा एखाद्या समारंभाची व्हिडिओ टेप असेल तर तिची नवी प्रत करून घ्यायला उशीर करू नका. अशा फिती साधारण दहा ते तीस वर्षांत खराब होऊ लागतात आणि त्या चालवणारी यंत्रंही दुर्मीळ झाली आहेत. व्हीएचएस यंत्र बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. बॉलपेनची शाई पुढे उमटते आणि दाबाची रेघ चेहऱ्यावर येते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, आहेत तिथेच त्यांचे फोटो घ्या. लहान छपाईचे फोटो स्कॅन करताना किमान ६०० डीपीआय (स्कॅनच्या बारकाव्याचं माप) ठेवा. सगळ्याच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी असू द्या. तिचं अक्षर असलेला प्रत्येक कागद ठेवा, मग ती गिऱ्हाइकांच्या मापांची वही का असेना. ती वही असेल तर सगळ्यांत आधी तीच शोधा.

हे सगळं नातवंडांसाठीही आहे. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांना घराण्याबद्दल २० प्रश्न विचारले होते, आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कसे भेटले, अशा प्रकारचे. ज्यांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आणि चिंता कमी आढळली. गोष्टी सांगितल्या म्हणून असं होतं, की जी घरं नीट बोलतात तिथे दोन्ही होतं, हे त्यावरून ठरत नाही. पण तुमच्या सात जणांना आजीच्या पहिल्या बत्तीस वर्षांबद्दल किती माहीत आहे, विचारून बघा.

आजारपणाचं किती सांगायचं? माझं मत विचाराल तर, ती आजारी होती आणि तुम्हाला ताई म्हणायची, एवढं सांगा. तिच्या देहाची जी कामं तुम्ही केलीत ती तिची खासगी बाब आहे. ती तिथे राहू द्या. शेवटच्या काळातही तिचे हात काही करत होते का, ते मात्र आठवा. या आजारात नावं जातात तरी हातांची सवय पुष्कळदा मागे राहते. चादरीच्या कडेला टाचण शोधत तिची बोटं फिरत असतील, तर ते लिहा.

वाचायला सहा मिनिटं पुरे. साधारण सहाशे शब्द होतात, त्यापुढे तुमचा आवाज साथ देणार नाही. ९३ वर्षं सहाशे शब्दांत बसणार नाहीत, म्हणून तीन प्रसंग घ्या. एक तुम्ही जन्मण्याआधीचा, दुसरा शिवणयंत्रापाशी बसलेल्या बाईचा आणि तिसरा नातीच्या तोंडचा. गळा दाटला तर कागद मुलीच्या हातात द्या, तिसरा प्रसंग तसाही तिचाच आहे.

पण पहिला प्रसंग तुमच्याकडे अजून नाही. म्हणून आज लिहायला बसू नका. मावसबहिणीला फोन करा. इतक्या दिवसांनी फोन कशासाठी असं तिला वाटेल, तेव्हा आडवळण घेऊ नका. सांगा, की आई शेवटी मला तुझी आई समजायची आणि एक वाक्य सारखं म्हणायची. ते वाक्य तिला जसंच्या तसं म्हणून दाखवा आणि मग थोडा वेळ गप्प राहा, तिला आठवू द्या. ज्यांच्यापासून ते पुस्तक लपवायचं होतं, त्यांच्यापैकी आता कुणी उरलेलं नसेल. तिला काही माहीत असेल तर सांगायला आता हरकत नाही. काही कळलं तर मलाही कळवा.